पत्रिकेच्या मागे भगवंत नकोत



आमच्या माळ्यावर एक कापडी पिशवी आहे. तिच्यात शंभर-सव्वाशे पत्रिका आहेत. त्या फेकता येत नाहीत, वापरता येत नाहीत आणि कुणाला देताही येत नाहीत. दरवर्षी दिवाळीची साफसफाई निघाली की पिशवी खाली येते, धूळ झटकली जाते आणि पुन्हा वर जाते. त्या पत्रिका मीच केल्या होत्या. आता चातुर्मास तोंडावर आलाय. तुमच्याही घरी पत्रिका, स्टेटस, शुभेच्छा, बॅनर यांची गडबड सुरू होईल. माझ्या हातून जे झालं ते तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आज या पिशवीबद्दल लिहितेय.

काही वर्षांपूर्वी सासूबाईंनी दशलक्षणाचे दहा उपवास केले. वय अडुसष्ट. घरात सगळ्यांनाच काळजी आणि कौतुकही. पारण्याला अडीचशे माणसं यायची होती. मी तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरवर थोडंफार डिझाइन शिकले होते. म्हटलं, पत्रिका बाहेरून कशाला, मीच करते. इंटरनेटवरून श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वरांचा एक सुंदर फोटो घेतला, जरा फिका केला, पूर्ण कागदभर पसरला आणि त्यावर मजकूर टाकला. तीनशे प्रती छापून आणल्या. सगळ्यांनी वाहवा केली. मी आठवडाभर हवेत होते.

पारणं छान झालं. जेवणं आटोपली, पाहुणे गेले आणि हॉल रिकामा करायला आम्ही मागे थांबलो. तेव्हा दिसलं. पत्रिका खुर्च्यांवर होत्या, खुर्च्यांखाली होत्या. एका पत्रिकेची घडी करून कुणीतरी टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातली होती. दोन-तीन पत्रिकांवर लहान मुलांना खाऊ वाढलेला. दारापाशी तर पायपुसण्यासारख्या पडलेल्या, त्यावर चपलांचे ठसे. दहा दिवसांच्या उपवासाने थकलेल्या माझ्या सासूबाई काही न बोलता वाकून एकेक उचलायला लागल्या. प्रत्येक पत्रिका पदराने पुसायच्या, कपाळाला लावायच्या आणि पिशवीत ठेवायच्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही बसा, मी करते." त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, पायात यायला नको होतं बघ."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या, निपाणीकडच्या त्यांच्या गावाहून, दोन बस बदलून. शहात्तर वर्षांच्या, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. हातात पारण्यासाठी बांधून आणलेला डबा. कार्यक्रम होऊन दोन दिवस झाले होते. पत्रिकेवरची १७ तारीख गोमटेश्वरांच्या मांडीवरच्या वेलीच्या वळणावर आली होती. सात त्या वेलीत मिसळला आणि आत्याबाईंना तो नऊ वाटला. आपल्या भावजयीचं पारणं त्यांना चुकलं. त्या हसून म्हणाल्या, "डोळेच गेलेत गं माझे." डोळे गेले नव्हते. चूक पत्रिकेची होती, म्हणजे माझी होती.

एकाच कागदाने दोन माणसं दुखावली, आणि दोन्हीचं कारण एकच होतं. मी मागे जे ठेवू नये ते ठेवलं होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आणि ते पटणार नाही अशा बऱ्याच जणी असतील हेही मला माहीत आहे. पत्रिका, शुभेच्छापत्र, स्टेटस, बॅनर, यातल्या कशाच्याही पार्श्वभूमीला भगवंतांचं, मुनिमहाराजांचं किंवा आर्यिका माताजींचं चित्र ठेवू नये. पार्श्वभूमी म्हणजे काय, याचा एकदा विचार करा. ज्यावर अक्षरं उभी राहतात ती पार्श्वभूमी. आपण भगवंतांच्या छातीवर "भोजनाची वेळ दुपारी १२" लिहितो, पायांवर मोबाईल नंबर लिहितो, कोपऱ्यात "आपले नम्र" लिहितो. बस्तीत गाभाऱ्यासमोर उभं राहून आपण असं काही करू का? कागदाला चुकून पाय लागला तर तो उचलून डोळ्यांना लावणाऱ्या बायकांच्या पोटी आपण जन्मलो आहोत. त्यांच्या मुलींनी भगवंतांना रद्दीत जाणाऱ्या कागदावर छापावं, याचं मला आता नवल वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

मोबाईलवरच्या चित्राचंही तेच. क्षमावाणीच्या दिवशी ज्या शेकडो प्रतिमा येतात त्या संध्याकाळी आपण निवडून निवडून डिलीट करतो, कारण फोन भरतो. मूर्तीचा फोटो कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हावर बोट ठेवून पुसताना कुणाचा हात थबकत नाही? माझा थबकतो. ज्या गोष्टीचं आयुष्य एका दिवसाचं आहे, तिच्यावर भगवंतांना बसवूच नये.

दुसरी गोष्ट त्या फोटोची. तो मी "घेतला" असं वर लिहिलं, पण खरं तर न विचारता उचलला होता. कुणीतरी पहाटे डोंगर चढून, उजेडाची वाट बघून तो काढला असणार. आपण अणुव्रतांत अचौर्य शिकतो, मुलांना पाठशाळेत शिकवतो, आणि पत्रिका करताना मात्र दुसऱ्याचं चित्र राइट क्लिक करून घेऊन येतो. नाव काढून टाकायला खालचा कोपराही कापतो. हे मी केलंय, म्हणून लिहितेय.

मग मागे ठेवायचं काय? कोरा पांढरा कागद ठेवा, त्यात काहीच वाईट नाही. पण सणाला रंग हवा, आनंद हवा, हेही खरं. गेली काही वर्षं मी जे करते ते सांगते. मी कशाचंच चित्र नसलेली पार्श्वभूमी स्वतः तयार करते. नुसते रंग, उजेड, धुकं, किरण, लाटा. त्याला अमूर्त पार्श्वभूमी म्हणा. चित्र काढता आलं पाहिजे असं नाही. मला आजही साधा मोर काढता येत नाही. हे काम कॉम्प्युटरमधले फिल्टर करतात, आणि निवड आपण करतो.

मी गिंप वापरते. हा प्रोग्रॅम मोफत आहे. १९९५ साली अमेरिकेत बर्कलीला शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला आणि पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी खुला केला. फोटोशॉप ज्यांच्याकडे आहे त्यांना हेच सगळं त्यातही करता येतं, तिथे नावं थोडी वेगळी असतात.

सुरुवात ढगापासून होते. गिंपमध्ये फिल्टर्स, मग रेंडर, मग नॉइज, आणि त्यात सॉलिड नॉइज. एका टिचकीत कोऱ्या पानावर राखाडी ढग पसरतात. हा ढग येतो कुठून, याची मला फार उत्सुकता होती. कॉम्प्युटरला नुसते वाटेल तसे ठिपके टाकायला सांगितले तर टीव्हीवर पूर्वी मुंग्या यायच्या तसं दिसतं. ढगात मात्र शेजारचा ठिपका शेजाऱ्याला धरून असतो, एकदम उडी मारत नाही. मोठे मऊ चढउतार, त्यावर मध्यम, त्यावर बारीक, असे थर एकावर एक मिळवले की ढग, संगमरवर, धूर यांच्यासारखं काहीतरी दिसायला लागतं. या कल्पनेला गणिताचं रूप देणाऱ्यांत केन पर्लिन यांचं नाव पहिलं. १९८२ च्या "ट्रॉन" या सिनेमावर काम केल्यानंतर, कॉम्प्युटरची चित्रं फार गुळगुळीत आणि यंत्रासारखी दिसतात हे खटकल्यामुळे त्यांनी ही रीत शोधली आणि १९८५ साली ती शोधनिबंधात मांडली. पुढे १९९७ साली त्यांना त्यासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आपण घरी बसून पारण्याच्या पत्रिकेसाठी वापरतो ते हेच.

त्या चौकटीत एक आकडा असतो, त्याला सीड म्हणतात, म्हणजे बी. तोच आकडा, त्याच मापाचं पान आणि बाकीचे आकडेही तेच ठेवले तर दरवेळी तंतोतंत तोच ढग येतो. आकडा बदलला की ढग बदलला. जे बी पेराल तेच उगवेल. मी माझ्या वहीत आवडलेल्या ढगांचे आकडे लिहून ठेवते, लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवतो तसे.

आता माझी नेहमीची कृती सांगते. करून बघा.

मोबाईलसाठी करायचं असेल तर १०८० रुंद आणि १९२० उंच असं पान घ्या. छापायची पाच बाय सात इंचांची पत्रिका असेल तर इंचाला ३०० ठिपके धरून १५०० बाय २१०० घ्या, आणि कापण्यासाठी चारही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जास्तीचे ठेवा. त्यावर सॉलिड नॉइज टाका. तिथे टाइलेबल अशी एक खूण असते, ती करायला विसरू नका. का ते पुढे कळेल.

मग ब्लरमधला मोशन ब्लर घ्या, कोन ९० अंश आणि लांबी भरपूर. ढग वरून खाली ओढला जातो आणि उभ्या पट्ट्या तयार होतात, पावसाच्या सरींसारख्या. इथेच थांबलात तरी सुंदर पार्श्वभूमी झाली. पण मला पुढचं पाऊल आवडतं. डिस्टॉर्टमध्ये पोलर कोऑर्डिनेट्स नावाचा फिल्टर आहे. तो पानाला वाकवून गोल करतो, पानाची डावी-उजवी बाजू वळून एकमेकींना भेटतात. उभ्या पट्ट्या असतील तर त्या मधल्या बिंदूतून बाहेर पडणारे किरण होतात. आडव्या पट्ट्या असतील तर पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वर्तुळं होतात. जिथे दोन्ही कडा भेटतात तिथे सांधा दिसू शकतो, भिंतीवरच्या कागदाचा दिसतो तसा. टाइलेबलची खूण केली असेल तर डावी कड उजवीशी जुळते आणि सांधा राहत नाही. मी ही खूण विसरून तासभर तो सांधा हाताने पुसत बसले होते, म्हणून आवर्जून सांगतेय.

पहिल्यांदा ते किरण पडद्यावर उमटले तेव्हा मी सासूबाईंना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "भामंडलासारखं दिसतंय की." आठ प्रातिहार्यांतलं भामंडल, भगवंतांच्या मागचं तेजाचं वलय. मला एवढंच पुरे होतं. मूर्ती न ठेवताही भाव येऊ शकतो, हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं.

आता रंग. चित्र अजून राखाडी आहे. कलर्समध्ये मॅप, आणि त्यात ग्रेडियंट मॅप. दोन रंग निवडून त्यांचा ग्रेडियंट ठेवा, एक गडद, एक फिका. चित्रात जिथे काळोख आहे तिथे गडद रंग जातो, जिथे उजेड आहे तिथे फिका, आणि मधल्या छटा आपोआप भरतात. हळदी आणि साय, मेंदी आणि कोवळा पोपटी, निळा आणि चंदनी, अशा जोड्या मला आवडतात. आपल्या पंचरंगी ध्वजाचे रंगही घेता येतात. अरिहंतांचा पांढरा, सिद्धांचा लाल, आचार्यांचा पिवळा, उपाध्यायांचा हिरवा आणि साधूंचा गडद निळा किंवा काळा. १९७४-७५ साली भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सगळ्या पंथांनी मिळून ज्या खुणा स्वीकारल्या त्यांत हा ध्वज आहे. पण पाचही रंग एकाच पत्रिकेत पूर्ण तेजाने घालू नका. एक मुख्य ठेवा, बाकीचे शिंपडल्यासारखे.

यावर गाउसियन ब्लर हलकासा द्या म्हणजे कडा मऊ होतील. जर्मन गणितज्ञ गाउस यांच्या घंटेसारख्या वक्रावरून त्याला हे नाव पडलं. प्रत्येक ठिपका जवळच्या शेजाऱ्यांचा रंग जास्त घेतो आणि लांबच्यांचा कमी. शेवटी, जिथे मजकूर येणार तिथे सायीच्या रंगाचा एक वेगळा थर टाका आणि त्याची अपारदर्शकता ४०-५० टक्क्यांवर आणा. अक्षरांना बसायला पाट मिळाला असं समजा.

एक अडचण नक्की येईल. फिक्या रंगाच्या मऊ उतारावर पायऱ्या-पायऱ्या दिसतात. पडद्यावर एका रंगाच्या साधारणपणे २५६ छटाच असतात. आपला उतार त्यातल्या तीसच छटांचा असेल आणि पान १९२० ठिपके उंच असेल, तर एकेक छटा ६४ ठिपके रुंद पट्टी होऊन बसते, आणि डोळ्याला ती लगेच जाणवते. उपाय सोपा आहे. सगळ्यात शेवटी अगदी थोडा बारीक नॉइज द्या, चिमूटभर. पट्ट्यांच्या कडा विरघळतात. व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून पाठवलं तर ते दाबलं जातं आणि पट्ट्या परत येतात, म्हणून छापखान्याला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पडद्यावर चमचमणारा पोपटी किंवा गुलाबी कागदावर मळकट उतरतो, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि कागद शाईने. आधी एक प्रत काढून बघा, मगच तीनशेची ऑर्डर द्या.

कॉम्प्युटर नसलेल्या मैत्रिणींसाठी सोपी वाट आहे. सुती साडीचा काठ जवळून फोटोत घ्या, किंवा दुपारी खिडकीतून भिंतीवर पडलेला उजेड घ्या. फोनमधल्या फोटो एडिटरमध्ये ब्लर असेल तर तो इतका वाढवा की साडी ओळखू येणार नाही, नुसता रंग उरेल. माझ्या जावेने आईच्या जुन्या हिरव्या साडीतून केलेली पार्श्वभूमी मी पाहिलीय. तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं की ती आईची साडी आहे. मला ते फार आवडलं.

आता आक्षेपांकडे वळते, कारण हे सगळे मला घरातच ऐकावे लागलेत.

पहिला आक्षेप आमच्या अक्कांचा, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचा. "भगवंतांचं दर्शन झालं की हात आपोआप जोडले जातात. तू तेच काढून टाकलंस तर ती पत्रिका आपली कशी?" हा आक्षेप मी हलका मानत नाही. प्रतिमेने भाव जागतो, म्हणूनच तर आपण बस्तीत जातो. पण बस्तीत आपण आंघोळ करून, चपला बाहेर काढून जातो. पत्रिका भाजीच्या पिशवीतून येते आणि फ्रिजवर चुंबकाखाली राहते. प्रतिमेला तिची जागा असते, आणि ती जागा राखणं हाही भक्तीचाच भाग आहे. मी अक्कांना म्हटलं, पत्रिकेत वर "जय जिनेंद्र" ठेवते, पुरे. त्यावरही त्या म्हणाल्या, "मग अक्षरं नाही का पायात येणार?" खरंय. म्हणून आता मी मंत्र आणि गाथाही पत्रिकेवर छापत नाही. वाद त्यांनी घातला आणि सुधारणा माझ्यात झाली.

दुसरा आक्षेप भाचीचा. "मामी, एवढा वेळ कशाला? आता अॅपला सांगितलं की एका मिनिटात चित्र तयार." देत असेल. मी त्या यंत्रांना नावं ठेवत नाही. पण तिने आमच्यासाठी मागवलेल्या एका चित्रात मुनींच्या हातात मोरपिच्छीऐवजी झाडूसारखं काहीतरी होतं, आणि ते चित्र दोन ग्रुपवर जाऊनही आलं होतं. नुसता रंग आणि उजेड मागितला तर ही भीती नाही. तरी माझ्या ढगाचा आकडा माझ्या वहीत असतो. पुढच्या वर्षी तोच ढग, दुसऱ्या रंगात, परत मिळतो. आणि त्या एका तासात मी जे शिकते ते एका मिनिटात मिळत नाही. अर्थात ज्या बाईला तो तास नाहीच, तिने अॅप वापरलं म्हणून मी तिला दोष देणार नाही. तिने फक्त भगवंतांचं चित्र मागू नये, एवढंच.

तिसरा आक्षेप पुरुषमंडळींचा. "यात कला काय आहे? बटण दाबलं की झालं." बरं. मिक्सरचं बटण दाबलं म्हणून चटणी होते का? किती मिरची, किती वेळ, कुठे थांबायचं, हे बटण सांगत नाही. शंभर ढगांतून एक निवडणं, बाकीचे सोडून देणं, हेच काम आहे. आपण बायका घरात दिवसभर निवडतच असतो, तांदूळ निवडतो, भाजी निवडतो. त्याला कुणी कला म्हणत नाही. म्हणून हाही आक्षेप मी फार मनाला लावून घेत नाही.

खरा धोका आक्षेप घेणाऱ्यांकडून येत नाही, तो आपल्याकडूनच येतो. फिल्टरची नशा चढते. ढग झाला, भोवरा झाला, लाटा झाल्या, मग काचेचा परिणाम, मग चमक, मग अजून एक थर. रात्रीचे अकरा वाजतात. फोनमध्ये चारशे पार्श्वभूमी जमा होतात आणि लागते एकच. माझं असंच झालं होतं. हाही परिग्रहच, जागा घरात न व्यापता फोनमध्ये व्यापतो एवढाच फरक. मग मी आपण भोगोपभोगाची मर्यादा घालतो तशी मर्यादा घातली. तीन फिल्टर, दोन रंग, एक तास. त्यात झालं तर झालं, नाहीतर कोरा कागद. आणि काम संपलं की एक ठेवायची, बाकी पुसायच्या. गंमत म्हणजे मर्यादा घातल्यापासून पत्रिका जास्त चांगल्या होतात.

शेवटची आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी कसोटी आत्याबाईंची. वेबसाइटवरच्या मजकुरासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा उजेडातला फरक किमान ४.५ : १ असावा असं सांगितलंय, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. ते मोजायला साधनं मिळतात. मोजायचं नसेल तर चित्राचा रंग काढून टाका आणि कृष्णधवल करून पाहा. लालावर हिरवी अक्षरं रंगात उठून दिसतात, पण कृष्णधवल केलं की बऱ्याचदा दोन्ही एकच राखाडी होतात आणि मजकूर नाहीसा होतो. तसं झालं तर वयस्क डोळ्यांना तो वाचायला त्रास होणार, हे नक्की धरा. आणि तेही नको असेल तर घरातल्या सगळ्यात वयस्क बाईच्या हातात पत्रिका द्या, दिवा लावू नका आणि तारीख वाचायला सांगा. त्यांनी वाचली तर छापायला द्या.

मागच्या वर्षी क्षमावाणीचं शुभेच्छापत्र मी याच रीतीने केलं. हळदी किरण, मध्ये सायीचा पाट, त्यावर मोठ्या अक्षरांत क्षमायाचना. छापलं नाही, फोनवरच पाठवलं. आत्याबाईंना नातवाने ते दाखवलं. त्यांचा फोन आला. त्यांनी सगळा मजकूर मला फोनवर वाचून दाखवला, चष्मा न लावता, शाळेतल्या मुलीसारखा, शेवटच्या शब्दापर्यंत. मग म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत बघ माझे."

त्या पारण्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली. त्यांना काही आठवतच नव्हतं, किंवा तसं त्या म्हणाल्या.

माळ्यावरची पिशवी अजून आहे. तिचं काय करायचं ते आम्हाला आजही ठरवता आलेलं नाही, आणि सासूबाई ती टाकू देणार नाहीत. पण त्या वर्षापासून तिच्यात एकही पत्रिका वाढलेली नाही. तुमच्या घरी अशी पिशवी असेल तर तीही वाढू देऊ नका, आणि नसेल तर सुरूच करू नका.

जय जिनेंद्र.